तेलावरचा जुना बॉयलर तापतोय? आधी काटे बघा, मग खर्चाचं बोला

न्यू इंग्लंड, न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीच्या जुन्या वस्त्यांमध्ये घर घेतलं की बेसमेंटमध्ये पुष्कळदा ओतीव लोखंडाचा बॉयलर आणि त्याच्या शेजारी २७५ गॅलनची तेलाची टाकी मिळते. पुण्या-नागपुरात वाढलेल्या माणसाने असलं धूड आधी पाहिलेलं नसतं. त्यामुळे ऐन थंडीत तो खदखदू लागला, खाली पाणी सांडलं की आपण घाबरतो. अशा वेळी आलेल्या माणसाने ‘हा गेला, नवा घाला’ म्हटलं की आपण लगेच मान डोलावतो. नवा बॉयलर बसवून हातात पडेपर्यंत साधारण ८,००० ते १५,००० डॉलर लागतात. बॉयलर जास्त तापण्याची नेहमीची कारणं मात्र काहीशे डॉलरमध्ये मिटतात. म्हणून कारण दाखवल्याशिवाय सही करायची नाही, हे आधीच ठरवून ठेवा.

सगळ्यात पहिलं काम बर्नर बंद करण्याचं. बेसमेंटच्या जिन्यापाशी लाल पट्टीचा एक स्विच असतो, तो बंद करा आणि बॉयलर आपोआप निवू द्या. काटा शून्याजवळ दिसला, पाणी संपलं असावं असं वाटलं, तरी तापलेल्या बॉयलरमध्ये गार पाणी सोडू नका. लोखंडाला तडा जातो, आणि आतलं पाणी खरोखरच आटलेलं असेल तर सोडलेल्या पाण्याची क्षणात वाफ होऊन स्फोट होऊ शकतो. बर्नरवरचं रीसेटचं बटण फार तर एकदा दाबा. पुन्हापुन्हा दाबलं तर न जळालेलं तेल आत साचतं आणि पुढच्या ठिणगीला भडका उडून घरभर काजळी पसरते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला तर शोधाशोध न करता सगळ्यांनी घराबाहेर पडा आणि ९११ ला फोन करा.

धोका टळला की काटे वाचा. बहुतेक बॉयलरवर एकाच तबकडीत दाब आणि तापमान दोन्ही दिसतं. गार असताना दाब १२ पीएसआयच्या आसपास हवा, तापल्यावर १८ ते २०. ३० ला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी सोडतो. तापमानाची वरची मर्यादा साधारण १८० फॅरनहाइटवर लावलेली असते. बर्नर थांबल्यावरही लोखंडातल्या उष्णतेने काटा आणखी दहा-एक अंश चढतो, त्यात काही बिघडलेलं नसतं. २२० च्या पुढे जात असेल तर मात्र बिघाड नक्की आहे.

इथे एक गफलत फार जणांची होते. पाणी सांडलं म्हणजे बॉयलर तापलाच, असं नाही. तापमान १८० वर स्थिर आणि दाब ३० कडे चाललेला असेल तर संशय एक्स्पान्शन टँकवर, म्हणजे तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणाऱ्या छोट्या टाकीवर घ्या. बॉयलर गार असताना त्या टाकीच्या टोकाचा हवेचा छोटा व्हॉल्व्ह किंचित दाबा. हवेऐवजी पाणी आलं तर आतला पडदा फाटला आहे. नवी टाकी बसवायला साधारण २५० ते ५०० डॉलर. रिलीफ व्हॉल्व्ह ठिबकतो म्हणून त्याच्या नळीला बूच मारण्याचा विचारही करू नका. कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह आपण बुजवत नाही, तसंच हे.

तापमानच चढत असेल तर रेडिएटरला हात लावून बघा. बॉयलर कढत आणि रेडिएटर गार, याचा अर्थ पाणी फिरत नाही. सर्क्युलेटर पंप अडकला असेल, नळ्यांत हवा कोंडली असेल, घराच्या एकेका भागाकडे पाणी सोडणारा झोन व्हॉल्व्ह उघडत नसेल किंवा कुणी तरी एखादी चावी बंद करून ठेवली असेल. ही शेवटची शक्यता आधी तपासा, फुकटात काम होतं. जुन्या लाल पंपांत मोटर आणि पंखा जोडणारा कपलर तुटतो. मोटर फिरल्याचा आवाज येतो, पण पाणी हलत नाही. कपलर वीस-चाळीस डॉलरचा असतो, मजुरी वेगळी. अख्खा पंप बदलायचा तर ३५० ते ७०० धरा. हवा काढून देण्याचे तर बहुधा तंत्रज्ञाच्या भेटीचेच पैसे लागतात.

रेडिएटरही चटका देण्याइतके तापलेत आणि तरी बर्नर थांबत नाही, तर दोष ॲक्वास्टॅटचा. बॉयलरच्या अंगावरचा हा करडा डबा बर्नरला ‘आता पुरे’ सांगतो. वर्षानुवर्षं वापरून त्यातले संपर्क चिकटतात, कधी तापमान टिपणारी नळी आपल्या खोबणीतून सरकते. नळी जागेवर बसवणं दहा मिनिटांचं काम, नवा डबा मजुरीसह ३०० ते ६००. आत १२० व्होल्टची वीज असते, त्यामुळे झाकण काढणं तंत्रज्ञावर सोडा. कधी तर सगळं ठीक असतं आणि तबकडीच खोटं बोलत असते. म्हणून गरम पाण्याच्या नळीला वेगळं थर्मामीटर लावून खात्री करायला सांगा.

दिवसा नुसत्या भेटीचे १२५ ते २०० डॉलर होतात, रात्री किंवा सुटीच्या दिवशी दीडपट-दुप्पट. हे सगळे आकडे अंदाजाचे आहेत, गावागणिक फरक पडेल. तेल देणाऱ्या कंपनीशी वार्षिक करार असेल तर फोन करण्याआधी तो कागद काढा. पंप आणि ॲक्वास्टॅट पुष्कळदा त्यातच येतात आणि आपण मात्र खिशातून भरतो. करार नसेल तरी दर वर्षी १५० ते ३०० खर्चून नोझल, फिल्टर बदलून घ्या आणि ज्वलनाची चाचणी करून तिची छापील पट्टी मागा. नोझल गरजेपेक्षा मोठं बसवलेलं असेल तर तेही तेव्हाच कळतं.

जुना बॉयलर काढलाच पाहिजे अशी वेळही येते. लोखंडाच्या दोन खणांच्या सांध्यातून पाणी झिरपत असेल, ओतीव भागाला तडा असेल, तर डागडुजीत पैसे घालू नका. २०२१ पासून अमेरिकेत बनणाऱ्या घरगुती तेलाच्या गरम पाण्याच्या बॉयलरला किमान ८६ टक्के कार्यक्षमतेचं बंधन आहे, त्यामुळे नव्यात तेल वाचेल. पण हा निर्णय उन्हाळ्यात, तीन लेखी अंदाजपत्रकं घेऊन करा. जुन्या नळ्यांवर पांढरं, प्लास्टरसारखं वेष्टन असेल तर ते ॲस्बेस्टॉस असू शकतं. त्याला हात लावू नका, आणि ते काढण्याचा खर्च अंदाजपत्रकात धरला आहे का, ते सही करण्याआधी विचारा.