गळू एकट्याचं नसतं

चि. संदेश,

मानेवर पुन्हा गळू आल्याचं आणि खोलीतल्या आणखी दोघांनाही तोच त्रास असल्याचं तू कळवलंस. कतारची उष्णता अंगात भिनली आहे, रक्त शुद्ध करणारं काही औषध पाठव, असंही लिहिलंस. औषध पाठवणं अवघड नाही, पण त्यानं गळू थांबणार नाही. का थांबणार नाही हे पटलं तरच पुढचं सगळं तू मनापासून पाळशील, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गळवातला पू म्हणजे बिघडलेलं रक्त नव्हे. 1880 साली स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनचे सर्जन अलेक्झांडर ऑगस्टन यांनी गळवांतला पू सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तेव्हा त्यांना द्राक्षांच्या घडासारखे जंतूंचे पुंजके दिसले. तो पू उंदरांना टोचला की त्यांनाही गळू होई. तोच पू आधी तापवून किंवा त्यात कार्बोलिक ॲसिड घालून टोचला, तर होत नसे. म्हणजे दोष पुवात नव्हता, त्यातल्या जिवंत जंतूत होता. पुढे त्याला स्टॅफिलोकॉकस ऑरियस हे नाव मिळालं. निरोगी माणसांपैकीही साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या नाकात तो काही त्रास न देता राहतो. यावर तू म्हणशील, मग गळवं उन्हाळ्यातच का उठतात? कारण उन्हाळा जंतू निर्माण करत नाही, त्याला वाट करून देतो. घामानं कातडी भिजून मऊ होते, घामोळ्या उठतात, कव्हरऑलची कॉलर मानेवर घासते, खाजवताना नख लागतं, आणि केसाच्या मुळाशी पडलेल्या एवढ्याशा चिरेतून जंतू आत शिरतो. आंबे खाल्ल्यानं गळवं होतात हा आळही असाच आला: आंब्याचा हंगाम आणि घामाचा हंगाम एकच. कतारच्या सरकारनं 1 जून ते 15 सप्टेंबर या काळात सकाळी 10 ते दुपारी साडेतीनपर्यंत उघड्यावरच्या कामाला बंदी केली आहे. ती पाळली जातेच असं धर. पण तेवढ्यानं घाम थांबत नाही, आणि संध्याकाळी खोलीवर आल्यावर तू अंघोळ कधी करतोस हे कुठलाही कायदा पाहत नाही.

आता उपचाराचं. गळू लहान आणि कडक असेपर्यंत स्वच्छ फडकं सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून, पिळून दिवसातून तीन-चार वेळा दहा-पंधरा मिनिटं शेक. ते पिकून आपोआप फुटलं तर पू निपटून घे, साबणानं धू आणि झाकून ठेव. दाबून मात्र कधीही फोडू नकोस. दाबलेला पू बाहेर येतो तसा आतही सरकू शकतो. आणि नाकाच्या किंवा वरच्या ओठाच्या आसपासच्या गळवातला संसर्ग तिथल्या शिरांमधून मेंदूच्या दिशेनं जाऊ शकतो. गळू मोठं झालं, आत पू साचून ठणका लागला, तर डॉक्टरांकडून चीर देऊन घेणं हाच खरा उपाय. तुला वाटेल, चिरेची भीती घालण्यापेक्षा अँटिबायोटिकच्या गोळ्या घेतलेल्या काय वाईट? याचं उत्तर 2016 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत आहे. तीत हजारांहून अधिक रुग्णांची गळवं चिरून पू काढला, मग निम्म्यांना अँटिबायोटिक आणि निम्म्यांना औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. पहिल्या गटातले सुमारे 80 टक्के बरे झाले, तर दुसऱ्यातले सुमारे 74 टक्के. गोळीचा उपयोग आहेच, पण मोठं काम चीर करते. शिवाय अनेक ठिकाणी या जंतूनं जुन्या गोळ्यांना दाद देणं सोडलं आहे. म्हणून गावाहून आणलेल्या किंवा दोस्ताच्या उरलेल्या गोळ्या अर्धवट घेऊ नकोस. कोणती गोळी आणि किती दिवस, हे डॉक्टरांनाच ठरवू दे.

पण मला सर्वांत जास्त सांगायचं आहे ते खोलीबद्दल. तिघांना एकाच वेळी त्रास होतो तेव्हा तो तिघांच्या रक्तातला दोष नसतो. एकाच जंतूची फिरती असण्याची शक्यता मोठी असते. 2012 साली अमेरिकेतच प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या एका अभ्यासात गळवांसारखा त्वचेचा संसर्ग झालेल्या मुलांचे दोन गट केले. एका गटात फक्त मुलाच्या नाकाला मलम आणि अंगाला जंतुनाशक द्रव लावला, दुसऱ्यात घरातल्या सगळ्यांना. वर्षभरात पहिल्या गटातल्या 72 टक्के मुलांना पुन्हा त्रास झाला, दुसऱ्यातल्या 52 टक्के. त्रास संपला नाही, पण खूप कमी झाला, तोही फक्त सगळ्यांनी मिळून केल्यामुळे. तू म्हणशील, एका खोलीत इतकेजण, तिथं हे जमायचं कसं? सगळं जमणार नाही, पण टॉवेल आणि रेझर ज्याचा त्याचा, गळू कायम झाकलेलं, पट्टी बदलल्यावर हात साबणानं धुतलेले, ड्यूटीवरून आल्याआल्या अंघोळ, चादरी-कपडे शक्य तितक्या गरम पाण्यात धुऊन पूर्ण वाळवलेले, एवढ्याला पैसा लागत नाही, फक्त सगळ्यांचं एकमत लागतं. मलम मात्र डॉक्टरांना विचारूनच.

ताप आला, लाली भराभर पसरली, गळू चेहऱ्यावर असलं किंवा एकाच गळवाला अनेक तोंडं फुटून काळपुळी झाली, तर सुट्टी कापली जाईल याचा विचार न करता तुझं तिथलं आरोग्य कार्ड, म्हणजे हमद कार्ड, घेऊन त्याच दिवशी दवाखाना गाठ. गळवं परतपरत येत असतील तर रक्तातली साखर तपासून घे; मधुमेह कधी कधी असाच उघडकीला येतो. आणि हे पत्र खोलीतल्या दोघांनाही वाचून दाखव. तू एकट्यानं पाळलंस तर निम्मंच काम होईल.

तुझी
आत्या