दादासाहेबांच्या वह्या

डोणगाव हे मेहकर तालुक्यातले गाव. तिथल्या रात्रीच्या वर्गात एक मावशी येत असत. एका रात्री त्या पत्र्याची पेटी घेऊन आल्या. पेटीत त्यांच्या वारलेल्या घरधन्याचे जुने कागद होते.

"गुरुजी, आता मले वाचता येते," मावशी म्हणाल्या. "हे कागद काय हायेत, ते मीच वाचून पाहीन म्हणलं."

आम्ही कंदील जवळ घेतला. सगळे भोवती बसले. मावशी एकेक कागद उलगडू लागल्या. बियाण्याची पावती निघाली. लेकीच्या लग्नाच्या सामानाची यादी निघाली. मग घडी घातलेला एक लहान कागद निघाला. मावशी त्यावर बोट ठेवून अक्षरे लावू लागल्या.

"सर्व... रक्कम... पोचली."

खाली एका सावकाराची सही होती. मावशी एकदम गप्प झाल्या. धनी वारल्यावर त्याच सावकाराने त्यांना बाकी सांगितली होती. मावशींनी बकऱ्या विकून ती भरली होती. आणि कर्ज फिटल्याची पावती घरातच, उशाच्या पेटीत पडून होती!

"कागद व्हता," मावशी म्हणाल्या, "पण तो माह्याशी बोलत नव्हता."

सावकारही आता राहिला नाही. गेलेला पैसा परत आला नाही. पण त्या रात्री आम्ही सगळे एक गोष्ट शिकलो. कागद बोलतो. मात्र त्यासाठी कागद जपलेला असावा लागतो, आणि वाचणारा असावा लागतो.

मग आम्ही वर्गाला आपल्याच वऱ्हाडातल्या एका पुढाऱ्याच्या कागदांची हकीकत सांगितली. ती अशी.

अमरावतीचे दादासाहेब

गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांचा जन्म १८५४ साली झाला. लोक त्यांना दादासाहेब म्हणत. ते अमरावतीला वकिली करीत. १८९७ साली काँग्रेसचे अधिवेशन अमरावतीस भरले. त्याचे स्वागताध्यक्ष दादासाहेबच होते.

लोकमान्य टिळकांचा आणि त्यांचा मोठा स्नेह. १९०८ साली इंग्रज सरकारने टिळकांना सहा वर्षांची शिक्षा दिली. त्यांना ब्रह्मदेशात मंडालेच्या तुरुंगात ठेवले. तेव्हा दादासाहेब बोटीने विलायतेला गेले. टिळकांची सुटका व्हावी म्हणून त्यांनी तिथे दोन वर्षे खटपट केली. यश आले नाही. १९१० साली ते परत आले. १९३८ साली ते वारले.

या दादासाहेबांना एक सवय होती. ते रोजनिशी लिहीत. आज कोण भेटले, कुठे गेलो, काय बोलणे झाले, हे त्या त्या दिवशी वहीत उतरवीत. ते इंग्रजीत लिहीत. हे लिहिणे स्वतःसाठी होते. असे त्यांनी वर्षानुवर्षे केले.

त्या वह्यांचा उपयोग काय?

दादासाहेब शिर्डीला साईबाबांकडे गेले होते. पहिल्यांदा गेले १९१० च्या डिसेंबरात. पुढे १९११ च्या डिसेंबरपासून १९१२ च्या मार्चपर्यंत ते तिथेच राहिले. तिथेही रोजनिशी चालूच होती. बाबा काय बोलले, कोण आले, कोण गेले, हे ते लिहीत राहिले.

पुढे बाबांच्या आठवणी पुष्कळांनी सांगितल्या. पण आठवण आणि रोजनिशी यांत फरक आहे. तीन वर्षांपूर्वी पेरणी कोणत्या दिवशी झाली, हे पारावर विचारून पाहा. चौघे चार दिवस सांगतील. चौघेही खरे बोलत असतील. पण ज्याने त्याच दिवशी लिहून ठेवले, त्याचेच पक्के. म्हणून दादासाहेबांची ती टिपणे मोलाची ठरली. ती पुढे छापली गेली. त्यांच्या मुलानेही वडिलांचे चरित्र लिहिले. ते १९६२ साली निघाले.

कागदांचे घर

दादासाहेबांच्या वह्या आज नवी दिल्लीला राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. अभिलेखागार म्हणजे जुने कागद जपण्याचे घर. वणीचे लोकनायक बापूजी अणे हेही आपल्या विदर्भाचे पुढारी. त्यांचे कागदही दिल्लीलाच आहेत. ते तीन मूर्ती भवनाच्या आवारातील ग्रंथालयात ठेवले आहेत.

अशा घरात कागद कसे जपतात? प्रथम धूळ झाडतात. कीड मारतात. फाटलेल्या पानाला पातळ कागद लावून ते सांधतात. प्रत्येक गठ्ठ्याला क्रमांक देतात आणि यादी करतात. यादी नसेल तर हजारो कागदांतून एक कागद सापडायचा कसा? वाचायला येणाऱ्याला तिथेच बसून वाचावे लागते. टिपण पेन्सिलीने करावे लागते, कारण शाई सांडली तर जुने पान जाते.

महाराष्ट्र सरकारचीही अशी दफ्तरे आहेत. मुंबई, पुणे, कोल्हापूर आणि नागपूर येथे ती आहेत. पुण्याला पेशव्यांचे दफ्तर आहे. तिथले कागद मोडी लिपीत आहेत. ते कापडात बांधून ठेवीत. त्या गठ्ठ्याला रुमाल म्हणतात.

मावशींचा प्रश्न

हे सर्व ऐकून मावशींनी विचारले, "त्या वह्यांत आमच्यासारख्याचं काय लिवलं असन?"

प्रश्न खरा होता. लिहिणारा माणूस आपण पाहिले ते लिहितो. पुढाऱ्याच्या वहीत सभा येते, कोर्ट येते, पाहुणे येतात. सभेसाठी मांडव कोणी घातला, पाहुण्यांना पाणी कोणी आणून दिले, ते क्वचितच येते. ज्यांना लिहिता आले, त्यांचे बोलणे कागदावर राहिले. आपल्या आज्या-पणज्यांना लिहिता येत नव्हते. जुन्या कागदांवर त्यांचे अंगठे सापडतात. त्यांचे बोलणे सापडत नाही.

आणखी एक ध्यानात ठेवावे. कागदही एका बाजूचा असतो. सावकाराच्या वहीत बाकी होती, मावशींच्या पेटीत पावती होती. म्हणून एक कागद दुसऱ्या कागदाशी ताडून पाहावा. पण दुसरा कागदच नसेल, तर पहिलाच खरा धरला जातो. म्हणून आपला कागद आपण ठेवला पाहिजे. आपले बोलणे आपण लिहिले पाहिजे.

आपले कागद असे जपा

१. जमिनीचे, कर्जाचे आणि जन्म-मृत्यूचे कागद वेगवेगळ्या पाकिटांत ठेवा. पाकिटावर नाव लिहा.

२. पेटी भुईला टेकवू नका. विटांवर किंवा फळीवर ठेवा. भिंतीपासूनही दूर ठेवा. म्हणजे उधई लवकर लागत नाही.

३. पावसाळ्याआधी आणि नंतर कागद सावलीत उघडून ठेवा. कडक उन्हात शाई उडते.

४. फाटक्या कागदाला चिकटपट्टी लावू नका. लोखंडी टाचणीही नको, ती गंजते.

५. पैसे दिले की पावती घ्या. तारीख, रक्कम आणि सही तिथेच वाचून पाहा. तिची झेरॉक्स काढून ठेवा.

६. घरात मोडीतले जुने कागद असतील तर रद्दीत देऊ नका. जाणत्या माणसाला दाखवा.

मावशींनी दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणली. पहिल्या पानावर तारीख घातली. खाली लिहिले, "आज मी धन्याचे कागद वाचले." अक्षर वाकडे होते, पण तारीख बरोबर होती. दादासाहेबांच्या रोजनिशीतल्या नोंदीही तारीखवारच आहेत.

शब्दांचे अर्थ

रोजनिशी – रोजची हकीकत लिहिण्याची वही
स्वागताध्यक्ष – पाहुण्यांच्या स्वागताची जबाबदारी घेणारा प्रमुख
ताडून पाहणे – दोन्ही शेजारी ठेवून खरेखोटे पाहणे

प्रश्न

१. मावशींनी फिटलेले कर्ज पुन्हा का भरले?
२. आठवण आणि रोजनिशी यांत काय फरक आहे?
३. आपल्या घरातला सर्वांत जुना कागद कोणता? तो वाचा आणि त्यावरची तारीख लिहा.
४. आजच्या दिवसाच्या तीन ओळी वहीत लिहा. आधी तारीख घाला.