आभासी चष्मा आणि शेतकी शिक्षण

आमच्या शेतकरी बंधूंचीं मुलें व मुली हल्लीं छत्रपती संभाजीनगर, परभणी वगैरे ठिकाणीं वरच्या शिक्षणास जातात. सुटींत घरीं आलीं म्हणजे तीं 'व्हीआर' नांवाच्या चष्म्याच्या गोष्टी सांगतात, आणि शिक्षणाचा खर्च सोसणाऱ्या बापास प्रश्न पडतो कीं, हें शिक्षण कीं खेळणें? या प्रश्नाचा आज थोडा विचार करूं.

प्रथम वस्तु समजून घेऊं. यास मराठींत आभासी वास्तव म्हणतात. डोळ्यांवर पेटीसारखा चष्मा बांधावयाचा. त्यांत दोन डोळ्यांस किंचित निराळीं चित्रें दिसतात, म्हणून देखाव्यास खोली येते. मान वळवावी तसा देखावाही वळतो, व आपण त्या जागींच उभे आहोंत असा भास होतो. अमेरिकेंत आयव्हन सदरलँड यांनीं १९६८ सालीं डोक्यावर घालावयाचा असा पडदा तयार केला होता; त्याची जोडणी छताशीं करावी लागे. आज तो चष्मा हातांत मावतो. भारतीय कृषि अनुसंधान परिषदेच्या, जागतिक बँकेच्या साह्यानें चाललेल्या राष्ट्रीय कृषि उच्च शिक्षण प्रकल्पांतून कांहीं कृषि विद्यापीठांत अशा प्रयोगशाळाही निघाल्या. तेव्हां ही गोष्ट आतां आपल्या उंबऱ्याशीं आली आहे.

विद्यार्थ्यांचें मत काय? आमच्या नात्यांतील मुलांस आम्हीं विचारलें, तों सर्वांनीं एकमुखानें 'आवडलें' असेंच सांगितलें. पुस्तकांत सपाट दिसणारी वस्तु चहूंबाजूंनीं पाहतां येते, आणि कंटाळा येत नाहीं. तक्रारीही आहेत. डोकें गरगरतें, मळमळतें, चष्मा कपाळास रुततो, आणि तो डोळ्यांवर असतां वहींत टिपण करतां येत नाहीं.

परंतु आवडणें आणि समजणें या दोन गोष्टी एक नव्हेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील पॅरोंग व मेयर या संशोधकांनीं २०१८ सालीं एक प्रयोग प्रसिद्ध केला. कांहीं विद्यार्थ्यांस शरीरांतील रक्तप्रवाहाचा पाठ चष्म्यांतून दाखविला, व कांहींस तोच विषय संगणकावरील साध्या चित्रांनीं शिकविला. चष्मेवाल्यांस पाठ अधिक आवडला. परीक्षेंत मात्र साध्या चित्रांवर शिकलेले पुढें गेले. डेन्मार्कमधील ५२ विद्यार्थ्यांवर झालेल्या व २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाचें तात्पर्यही हेंच निघालें. देखाव्याच्या गर्दींत मन गुंतलें म्हणजे विषयास जागा कमी उरते, असें याचें कारण सांगतात.

यावरून चष्मा टाकाऊ ठरत नाहीं. पॅरोंग व मेयर यांनींच पुढें पाठाचे तुकडे पाडले आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांस सारांश लिहावयास लाविला. तेव्हां सलग पाहणाऱ्यांपेक्षां या विद्यार्थ्यांस अधिक समजलें, आणि गोडीही कमी झाली नाहीं. हाताच्या कसबांत तर आभासी सरावाचा लाभ स्पष्ट दिसतो. अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या २००२ सालच्या प्रयोगांत १६ शिकाऊ शस्त्रवैद्य होते. त्यांच्यापैकीं ज्या गटास संगणकावर आभासी सराव दिला, त्यांनीं खऱ्या रोग्याच्या पित्ताशयावरील काम २९ टक्के जलद केलें, व त्यांच्या चुकाही कमी झाल्या.

येथें आमची स्वतःची एक चूक सांगतों. महसुली कारकुनीस लागलों तेव्हां कचेरींत बसून गांवचा नकाशा वाचावयास आम्ही लवकर शिकलों. गट, बांध, पोटहिस्से बोटानें दाखवितां येत. पुढें एका पंचनाम्यास बांधावर उभे राहिलों, तों हद्दीचा दगड कोठें आहे तें सांगतां येईना. शेवटीं म्हाताऱ्या कोतवालानें गवत बाजूस सारून तो दाखविला. नकाशा खोटा नव्हता. नकाशाची ओळख हीच शेताची ओळख असें आम्हीं मानलें, तें खोटें होतें.

आतां हेंच कापसास लावून पाहूं. २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें मराठवाडा व विदर्भांतील कपाशीचें अतोनात नुकसान केलें. ही अळी बोंडाच्या आंत राहून सरकी खाते. वरून बोंड धडधाकट दिसतें. बोंडाच्या आंत काय चाललें आहे हें चष्मा उत्तम दाखवील. त्याच साली यवतमाळ जिल्ह्यांत फवारणीच्या विषबाधेनें माणसें दगावलीं. वारा कोठून वाहतो, तोंडावर काय बांधावें, पंप कसा धरावा, याचा सराव जीव धोक्यांत न घालतां चष्म्यांतून करतां येईल. पण शेतांत डोमकळी ओळखणें, कामगंध सापळ्यांतील पतंग सलग ३ रात्री मोजणें आणि दर सापळ्यास दर रात्री ८ पतंग भरले म्हणजे उपाय योजणें, हें सकाळीं दंव पडलेल्या वाफ्यांतच शिकावें लागतें. आजचा विद्यार्थी उद्यां कृषि अधिकारी होऊन आपल्या बांधावर येणार आहे. तो अर्धाच शिकून आला, तर त्याच्या सल्ल्याचा तोटा आपल्या पिकास सोसावा लागेल.

म्हणून बंधूंनो, मुलानें चष्म्याची तारीफ केली म्हणजे रागावूं नका, आणि भुलूंही नका. त्यास तीन गोष्टी विचारा. पाहिलेलें तूं स्वतःच्या शब्दांत लिहून काढलेंस काय? जें शेतांत सुखानें पाहतां येतें तेंच चष्म्यांत पाहिलेंस, कीं जें धोक्याचें, दूरचें किंवा हंगामाबाहेरचें म्हणून एरवीं दिसलेंच नसतें तें पाहिलेंस? आणि त्यानंतर प्रत्यक्ष पिकास हात लावलास काय? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक आलीं, तर फी सत्कारणीं लागली असें समजावें. तिसऱ्याचें उत्तर 'नाहीं' असें आलें, तर सुटी संपण्यापूर्वीं त्यास आपल्याच कपाशींत घेऊन जावें व दहा बोंडें फोडून पाहावयास लावावें. त्यास खर्च कांहींच नाहीं.