गहाण कीं खरेदी?

सन १८७५ च्या मे महिन्यांत भीमथडी तालुक्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचे कर्जरोखे जाळले, हें वाचकांस विदित आहेच. त्यानंतर चौकशी होऊन १८७९ सालीं सरकारनें दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीं स्वतंत्र कायदा केला. त्यानें कर्जाचा हिशेब मुळापासून तपासण्याचा अधिकार न्यायाधीशास मिळाला. आणि जी जमीन स्पष्टपणें गहाण दिलेली नाहीं, ती पैशाच्या हुकूमनाम्यांत विकली जाणें बंद झालें.

परंतु सावकारानें दुसरी वाट काढली. तो गहाणखताऐवजीं खरेदीखत लिहून घेऊं लागला. रक्कम फिटतांच जमीन परत करण्याचें वचन मात्र तोंडीच राही. पुढें अशा खताचें खरें स्वरूप तपासण्याची मुभा न्यायालयास कायद्यानें द्यावी लागली.

ही युक्ति आजहि जिवंत आहे. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यान्वयें कर्जापोटीं गेलेल्या जमिनीविषयीं सावकारीच्या जिल्हा निबंधकाकडे अर्ज करितां येतो. चौकशीअंतीं खत रद्द ठरवून ताबा परत देवविण्याचा अधिकार त्यास आहे. तथापि पुराव्यावांचून कायदा पांगळा होय. म्हणून सावकाराचा परवाना पाहावा, प्रत्येक हप्त्याची पावती जपावी, आणि कर्जासाठीं खरेदीखतावर सही कदापि करूं नये.