सिंक का निसटलं? : चिकटवण्याच्या पदार्थांवरचा एक पाठ



मागच्या दिवाळीच्या तोंडावर पाथर्डीत आमच्या घरी स्वयंपाकघराचा ओटा नवा केला. काळा ग्रॅनाइट, मध्ये एक जोड, आणि ओट्याच्या खालच्या बाजूने चिकटवलेलं स्टीलचं सिंक. असं सिंक सोयीचं असतं. काठ वर येत नाही, ओट्यावरचं पाणी सरळ आत लोटता येतं. मिस्त्री जाताना सांगून गेले, "सर, आठ दिवस सिंक वापरू नका. खालचा टेकू तर अजिबात काढू नका."

तिसऱ्या दिवशी मी कडेच्या सिलिकॉनला बोट लावून पाहिलं. कोरडं, रबरासारखं लागलं. फराळाची भांडी साचली होती. टेकू काढला, सिंक भरलं. संध्याकाळी एक बाजू निसटली आणि खालचा पाइप तुटला. माझी मुलगी तिथेच खाली खेळत होती, ती नुकतीच उठून गेली होती म्हणून बचावली.

चूक मिस्त्रींची नव्हती, माझी होती. विज्ञान शिकवणारा मी "वाळलं" या एका शब्दाला फसलो. त्यातूनच सातवी-आठवीसाठी हा पाठ तयार झाला.

वाळणं एकच नसतं

मुलांना विचारा, "डिंक कसा चिकटतो?" उत्तर येतं, "वाळून." हे अर्धंच खरं आहे. घट्ट होण्याच्या तीन वेगळ्या तऱ्हा फळ्यावर लिहा.

१. पाणी जाऊन : फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद. त्यातलं पाणी कागद किंवा लाकूड शोषून घेतं, काही हवेत उडून जातं. ग्रॅनाइट आणि स्टील यांच्या मध्ये हा गोंद लावला तर पाण्याला जायला वाटच राहत नाही. म्हणून तो तिथे उपयोगाचा नाही.

२. दोन भाग मिसळून : एपॉक्सी. एका नळीत रेझिन, दुसऱ्या नळीत हार्डनर. दोन्ही मिसळले की रासायनिक अभिक्रिया सुरू होते, लहान रेणू एकमेकांत गुंफून जाळं तयार होतं. याला हवा लागत नाही. दगडाच्या दोन तुकड्यांचा जोड यानेच भरतात, त्यात दगडाच्या रंगाची पूड घालतात. प्रमाण पाकिटावर असेल तेच घ्यायचं. हार्डनर जास्त घातला म्हणजे जोड जास्त पक्का होतो, हा गैरसमज आहे. जास्तीचा भाग जाळ्यात न गुंफता तसाच उरतो आणि जोड कमजोर होतो.

३. हवेतली वाफ घेऊन : सिलिकॉन. हे बाहेरून आत घट्ट होत जातं, साधारण दिवसाला 2 ते 3 मिलिमीटर. आता हिशेब करा. सिंकच्या काठावरचा थर 20 मिलिमीटर रुंद. वर दगड, खाली स्टील. म्हणजे हवा फक्त दोन कडांनी मिळणार. प्रत्येक कडेने 10 मिलिमीटर आत जायला किमान चार-पाच दिवस हवेत. माझं बोट लागलं ते वरच्या सालीला. आतला भाग अजून ओलाच होता. त्यात आपला तालुका पर्जन्यछायेतला. कोरड्या हवेत वाफ कमी, म्हणून वेळ आणखी लागतो. मिस्त्रींचे "आठ दिवस" हे अनुभवातून आलेलं विज्ञान होतं.

वजन कुठे जातं?

आठवीच्या मुलांना घनफळ काढायला लावा. सिंक आतून 60 सेंमी लांब, 45 सेंमी रुंद, 20 सेंमी खोल. घनफळ 54,000 घनसेंमी, म्हणजे 54 लिटर. काठोकाठ भरलं तर नुसतं पाणीच 54 किलो! वर भांडी वेगळी.

आपल्याकडची जुनी हेमाडपंती देवळं आठवा. तिथे दगडावर दगड नीट घडवून बसवलेला असतो, आणि वरचं वजनच सांधा दाबून धरतं. ओट्याखालच्या सिंकचं उलटं आहे. इथे वजन सांधा ओढून उघडायला बघतं. म्हणून एकट्या सिलिकॉनवर भरवसा ठेवू नये. क्लिपा, खालची चौकट किंवा दगडी पट्टीचा आधार वजन पेलतो. सिलिकॉनचं मुख्य काम पाणी अडवणं. शिवाय गरम पाण्याने स्टील ग्रॅनाइटपेक्षा जास्त प्रसरण पावतं. सिलिकॉन लवचीक असल्यामुळे ही हालचाल सोसतं.

वर्गातली कृती

1. फरशीचे उरलेले तुकडे गोळा करा. एका जोडीला पांढरा गोंद लावून एकमेकांवर दाबा. दुसऱ्या तुकड्यावर त्याच गोंदाने कागद चिकटवा. दुसऱ्या दिवशी दोन्ही उघडून बघा.

2. एका तुकड्यावर खडूची धूळ, दुसऱ्यावर तेलाचं बोट, तिसरा धुऊन कोरडा केलेला. तिघांवर चिकटपट्टी लावून ओढा. धुळीवर लावलेली पट्टी धुळीलाच चिकटते, दगडाला नाही. म्हणूनच मिस्त्री कटरची भुकटी धुऊन काढतात, दगड वाळू देतात आणि सिंकचा काठ पुसून घेतात.

3. ग्रॅनाइट आणि कडप्पा यांच्या तुकड्यांवर लिंबाचा रस टाकून ठेवा. कडप्पा हा चुनखडीचा दगड. आम्लाने त्याची झिलई जाते, ग्रॅनाइटला फारसं काही होत नाही. काही सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो, कारण घट्ट होताना त्यातून ॲसिटिक आम्ल निघतं. कडप्प्यासाठी "न्यूट्रल" लिहिलेलं सिलिकॉन का घ्यायचं, ते मुलं आता स्वतः सांगतील.

एपॉक्सी आणि सिलिकॉन मुलांच्या हातात देऊ नका. दाखवायचं असेल तर शिक्षकांनी हातमोजे घालून, खिडक्या उघड्या ठेवून दाखवावं.

चर्चेसाठी प्रश्न

- मे महिन्यात एपॉक्सी लवकर घट्ट होतं, डिसेंबरच्या रात्री उशिरा. असं का? (सूचक : तापमान 10 अंशांनी वाढलं की अभिक्रियेचा वेग साधारण दुप्पट होतो.)
- बंद नळीतलं सिलिकॉन घट्ट का होत नाही?

शेवटी एक सुचवतो. आपल्या वर्गात फरशीकाम करणाऱ्यांची मुलं असतात. त्यांच्या वडिलांना एक दिवस बोलवा, "हे असं का करता?" एवढंच विचारा. आमच्या मिस्त्रींना मी बोलावलं. ते आले, फळ्यासमोर जरा अवघडले, पण दगड हातात घेतल्यावर पाऊण तास बोलले. त्यांचा मुलगा पहिल्या बाकावर ताठ बसून ऐकत होता.

आणि हो, नवं सिंक बसवलं. या वेळी खाली लोखंडी चौकट आहे, आणि आम्ही पुरे आठ दिवस अंगणात भांडी घासली.