शेतीचे डिझेल, त्यावरील कर आणि निळे रॉकेल

उल्हास नदीच्या खोऱ्यात उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही शहरे वाढत गेली, तरी भोवतालच्या गावी भातशेती अद्याप टिकून आहे. चिखलणी पॉवर टिलरने होते, भाजीपाल्यास पाणी डिझेल एंजिनाने मिळते. साहजिकच शेतकरी बंधू विचारतात की, आमचे यंत्र सडकेवर धावत नाही, मग डिझेलवरील सडकेचा कर आम्ही का भरावा? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र सुखावह नाही.

इंग्लंडमध्ये शेतीसाठी व घरे उबदार ठेवण्यासाठी वापरावयाच्या डिझेलवर पुष्कळ कमी कर असतो. ते ओळखू यावे म्हणून त्यात तांबडा रंग मिसळतात. असे तेल सडकेवरील मोटारीत सापडल्यास दंड होतो. १ एप्रिल २०२२ पासून तेथे बांधकामादी अनेक धंद्यांची ही सवलत काढून घेण्यात आली; शेतीची मात्र राहिली. आपल्याकडे शेतीसाठी वेगळ्या रंगाचे डिझेल नाही. ट्रॅक्टरवाला व मालमोटारवाला एकाच पंपावर एकाच दराने डिझेल घेतात. त्या दरात केंद्राचे अबकारी शुल्क, २०१८ मध्ये बसविलेला रस्ते व पायाभूत सुविधा उपकर आणि राज्याचा मूल्यवर्धित कर अंतर्भूत असतो. २ फेब्रुवारी २०२१ पासून त्यात लिटरमागे ४ रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आला. त्या वेळी इतर शुल्के कमी केल्यामुळे भाव चढला नाही, हे खरे. परंतु शेतीच्या नावाचा उपकर शेतकऱ्याच्याच डिझेलवर असावा, हे थोडे विचित्रच म्हणावे लागेल. डिझेल वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने तेथूनही वजावट मिळत नाही.

महाराष्ट्रात करसवलतीचे खरे उदाहरण शेतात नव्हे, समुद्रावर आहे. यांत्रिक नौकांच्या डिझेलवरील विक्रीकराचा परतावा मच्छीमारांना सहकारी संस्थांमार्फत मिळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते, शेतकऱ्यास सवलत द्यावयाचीच तर ती अशा परताव्याने द्यावी. रंगाच्या तेलाने नव्हे. रंगाचा आपला अनुभव कडू आहे.

तो अनुभव निळ्या रॉकेलचा. शिधावाटप दुकानातील स्वस्त रॉकेल ओळखता यावे म्हणून ते निळे केलेले असते. १९९३ च्या केंद्रीय आदेशान्वये ते केवळ स्वयंपाक व दिवाबत्ती यांसाठीच वापरता येते. तथापि डिझेल व रॉकेल यांच्या भावांत मोठे अंतर पडताच भेसळीचा धंदा फोफावला. २५ जानेवारी २०११ रोजी मनमाडजवळ पानेवाडी येथे अशा भेसळखोरांना हटकणारे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना जिवंत जाळण्यात आले. २०२० मध्ये रॉकेलवरील केंद्रीय अनुदान संपले, परंतु डिझेलइतका करांचा बोजा त्यावर नसल्यामुळे मोह संपलेला नाही.

एका हंगामात बदलापूरनजीकच्या एका गावी पॉवर टिलर ऐन चिखलणीत बंद पडला. इंजेक्शन पंप उघडला तेव्हा आतील भाग घासून गेलेले आढळले. मालकाने संकोचत सांगितले की, डिझेलमध्ये निम्मे रॉकेल घालीत होतो. इंजेक्शन पंपाला वंगण डिझेलमधूनच मिळते. रॉकेल पातळ व कोरडे, त्यामुळे धातूवर धातू घासतो. शिवाय प्रमाणकानुसार रॉकेलात गंधक ०.२५ टक्क्यापर्यंत चालते, तर २०२० पासूनच्या डिझेलात ते दहा लाख भागांत १० भागांहून अधिक नसते. पंप दुरुस्त होऊन येईपर्यंत रोपे राबातच जून झाली व लावणी लांबली. वाचलेले पैसे आणि गेलेले भात यांचा हिशेब त्या गृहस्थाने स्वतःच मांडून दाखविला, तेव्हा आम्हांस काही सांगावयाचे उरले नाही.

कायद्याची बाजूही ध्यानात असावी. जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ च्या कलम ७ खाली तीन महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कारावास व दंड होऊ शकतो, आणि जिल्हाधिकारी माल व वाहन सरकारजमा करू शकतात. कारखान्यांतील द्रावके मोटारींत वापरण्यासही २००० च्या स्वतंत्र आदेशाने मनाई आहे. आपल्या भागात रासायनिक कारखाने जवळ असल्याने ‘स्वस्त डिझेल’ म्हणून कोणी पिंप दारी आणल्यास ते घेऊ नये.

पंपावर संशय आल्यास पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागावे व घनता तपासण्यास सांगावे. टँकरच्या चलनावरील घनतेहून १५ अंश तपमानास घनमीटरमागे ३ किलोग्रॅमपेक्षा अधिक फरक आल्यास तेल संशयास्पद समजतात. हंगामासाठी साठा करणाऱ्यांस परवान्याशिवाय २,५०० लिटरपर्यंत डिझेल ठेवता येते. मात्र कोणतेही एक भांडे १,००० लिटरहून मोठे नसावे. आपल्याकडील पावसात अर्धवट भरलेल्या पिंपात पाणी जमते. म्हणून पिंप आडोशास, किंचित कलते ठेवावे व तळाचे तेल एंजिनात घालू नये.