फ्रेटबोर्डला कोणते तेल लावावे?

गिटारच्या लाकडाला लावायची तेले मुख्यतः दोन जातींची असतात : सुकणारी आणि न सुकणारी. जवस आणि टुंग ही पहिल्या जातीतली. हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन ती हळूहळू घट्ट होतात आणि लाकडावर चिवट थर धरतात. खोबरेल, शेंगदाण्याचे तेल आणि औषधाच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन कितीही दिवस गेले तरी सुकत नाहीत. वाशिम जिल्ह्यात घरोघरी असणारे सोयाबीनचे तेल या दोहोंच्या मधले आहे. ते धड सुकत नाही आणि धड ओलेही राहत नाही, चिकट होऊन बसते. तेल किती सुकेल याचा अंदाज त्याच्या आयोडीन अंकावरून येतो. खोबरेलाचा अंक साधारण १०, शेंगदाण्याचा ९० ते १००, सोयाबीनचा १३०च्या आसपास, तर जवसाचा १७०च्या वर असतो. अंक जेवढा मोठा, तेवढे तेल सुकण्याकडे झुकते.

प्रस्तुत लेखकाला हा फरक नुकसान झाल्यावर कळला. वाशिमच्या मे महिन्यात शिसवी फ्रेटबोर्ड फिकट, कोरडा दिसू लागला आणि फ्रेटांची टोके बोटाला टोचू लागली. क्रिकेटच्या बॅटला जवसाचे तेल पाजतात, मग गिटारला का नाही, या समजुतीने रंगाच्या दुकानातून बेल तेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल आणून फ्रेटबोर्डवर सढळ हाताने लावले गेले. लाकूड पिईल तेवढे पिऊ द्यावे म्हणून ते पुसलेही नाही. पावसाळा लागला तरी फ्रेटबोर्ड चिकटच होता. त्यात धूळ आणि घाम बसून फ्रेटांच्या कडेला काळा थर साचला, नव्या तारा आठवड्यात निस्तेज झाल्या. तेल लावलेले फडके बोळा करून डब्यात टाकले होते, ते काही तासांनी हाताला गरम लागले. पेट घेण्याआधीच ते हाती आले, एवढेच नशीब.

या चुकीची कारणे तीन. पहिले, शिसवीसारख्या लाकडात स्वतःची नैसर्गिक द्रव्ये असतात आणि ती सुकणाऱ्या तेलाला घट्ट होऊ देत नाहीत. दुसरे, जाड थर वरून साय धरतो आणि आतून ओला राहतो. तिसरे, मुळात दुखणे तेलाचे नव्हतेच. कोरड्या हवेत लाकूड आडवे आकसते, धातूचे फ्रेट मात्र आकसत नाहीत. म्हणून त्यांची टोके बाहेर येतात. लाकडातून गेलेले असते पाणी, आणि तेल पाण्याची जागा घेत नाही.

म्हणून फ्रेटबोर्ड आणि नेकची मागची बाजू यांचा विचार वेगवेगळा करावा लागतो.

शिसवी किंवा एबनीच्या उघड्या फ्रेटबोर्डला न सुकणारे, वास न धरणारे तेल योग्य. ‘लेमन ऑइल’ नावाने मिळणाऱ्या अनेक बाटल्यांत मुख्यतः खनिज तेलच असते, लिंबाचा वास वरून घातलेला असतो. साधे लिक्विड पॅराफिनही तेच काम करते. तारा काढून फ्रेटबोर्ड कोरड्या कापडाने स्वच्छ करावा, चार-पाच थेंब कापडावर घेऊन पातळ फिरवावेत, दहा मिनिटांनी सगळे पुसून काढावे. स्वयंपाकघरातील तेल मात्र कोणतेच लावू नये. ते कालांतराने खवट होते. मेपलच्या फ्रेटबोर्डवर बहुधा लॅकरचा थर असतो. त्यात तेल मुरत नाही, म्हणून तो फक्त पुसावा.

नेकच्या मागच्या बाजूला कारखान्यातले पॉलियुरेथेन असेल तर तिथेही तेलाचे काम नाही. लाकूड उघडे असेल तर मात्र सुकणारे तेल शोभते, कारण तळहात त्यावर न अडखळता सरकतो. अमेरिकेतील म्युझिक मॅन कंपनी आपल्या अनेक गिटारींच्या नेकला बंदुकीच्या दस्त्यासाठीचे तेल आणि मेण लावते, ते याचसाठी. ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने नेक गुळगुळीत करून टुंगचे किंवा उकळलेल्या जवसाचे तेल अगदी पातळ लावावे, पंधरा मिनिटांनी उरलेले पुसावे आणि किमान एक दिवस सुकू द्यावे. असे तीन-चार हात पुरतात. हाताला चिकट लागत असेल तोवर पुढचा हात देऊ नये. असा नेक लॅकरइतका ओलावा अडवत नाही, म्हणून ऋतू बदलला की त्याचा बाक तपासावा लागतो.

चिकट राहिलेले जवसाचे तेल काढायचे झाल्यास टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या कापडाने रेषेच्या दिशेने थोडे थोडे पुसावे. सर्वांत बारीक, ०००० नंबरचे स्टील वूल वापरायचे तर आधी पिकअप टेपने झाकावेत. लोखंडाचा भुगा त्यांच्या चुंबकाला चिकटतो.

सुकणाऱ्या तेलाच्या फडक्याबाबत हयगय चालत नाही. तेल सुकताना उष्णता निघते. बोळ्यात ती कोंडते आणि काडी न लावता कापड पेट घेते. असे फडके घराबाहेर एकेरी पसरून वाळवावे, नाहीतर पाण्यात बुडवून झाकणाच्या लोखंडी डब्यात ठेवावे.

उरतो कोरडेपणा. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. विदर्भातल्या उन्हाळ्यात बाहेरची हवा याच्या बरीच खाली असते, आणि त्याच दिवसांत कूलर चालू असलेली खोली याच्या बरीच वर जाते. दिवसातून दोनदा असा हेलकावा बसला की लाकूड फुगते, आकसते आणि जोड सैल होतात. म्हणून गिटार भिंतीवर किंवा कूलरच्या झोतासमोर न ठेवता बंद पेटीत ठेवावी. पेटीत लहान आर्द्रतामापक असावा, आणि उन्हाळ्यात भोके पाडलेल्या साबणदाणीत ओलसर, पण थेंब न गळणारा स्पंज ठेवावा. फ्रेटबोर्डला वर्षातून दोनदा चार थेंब तेल पुरते. वाशिमच्या उन्हाळ्यात त्याची खरी राखण पेटीतला ओलावाच करतो.